बीटावर बंदूक आली तेव्हा

वनरक्षक म्हणून माझी नेमणूक दौलताबादच्या मागच्या डोंगरावर झाली, तेव्हा सरकारनं मला खाकी कापड, एक शिट्टी आणि वेताची काठी दिली. कापड शिवून घ्यायला मी छावणीत गेले. तिथल्या शिंप्यानं बाईच्या मापाची खाकी पँट आजवर शिवली नव्हती. त्यानं तीन वेळा माप घेतलं आणि तरीही पँट कमरेत ढगळ झाली. ती पँट, वर पट्टा आवळून, मी पुढची दोन वर्षं वापरली.

आम्ही पडेगावचे. सासरची सात एकर कोरडवाहू, नवरा वाळूजच्या कारखान्यात, सासू घरी. मी शेतकऱ्याचीच पोर, त्यामुळं उन्हातान्हात चालायची सवय होती आणि झाडंझुडपं ओळखता येत होती. सकाळी डबा घेऊन मोपेडवर निघायचं, डोंगराच्या पायथ्याला मोपेड लावायची आणि दिवसभर पायी फिरायचं, हा माझा दिनक्रम. बीट म्हणजे एका रक्षकाच्या वाट्याचं जंगल. माझ्या वाट्याला तीन टेकड्या, एक घळ आणि एक पाझर तलाव आला होता. सीताफळीची झुडपं सगळीकडं, मधूनमधून धावडा, हिवर, आणि घळीत चंदन. सगळी भानगड त्या चंदनाची होती.

पहिल्याच आठवड्यात बंदी असलेल्या कुरणात मला चार शेळ्या सापडल्या. नवी नोकरी, अंगात जोर. मी त्या शेळ्या गावातल्या कोंडवाड्याकडं हाकत निघाले. थोड्या वेळानं मागून एक म्हातारी येऊन माझ्याबरोबर चालायला लागली. साठीच्या पुढची, हिरवं लुगडं, हातात काठी, मागे दोन कुत्री. ओरडली नाही, रडली नाही. मी कुठली, माझी आई कुठली, लेकरं किती, सगळं विचारत राहिली. अर्ध्या वाटेत तिनं तिच्याजवळचं पाणी मला पाजलं. शेळ्यांतली एक लंगडत होती, ती कशी लंगडी झाली तेही सांगितलं. कोंडवाड्याच्या दारापर्यंत आम्ही पोचलो तेव्हा मला तिचं सगळं घरदार माहीत झालं होतं.

मी दारातूनच शेळ्या मागं फिरवल्या.

"इतकं चालवलंस कामून मग?" ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो.

ती पायथ्याच्या धनगरवस्तीतली. लेक आणि सून मजुरीला जायचे, थोडी जमीन होती ती नातेवाईक बघायचे, आणि मेंढरं-शेळ्या हिच्याकडं. मी तिला आत्या म्हणायला लागले. ती मला आधी गार्डबाई म्हणायची, मग पोरी.

आत्या दिवसभर डोंगरावर असायची आणि तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही. मी दुपारी डबा खायला तलावाच्या काठावर बसले की ती येऊन बसायची आणि सहज बोलल्यासारखं सांगायची. "परवा दोन माणसं व्हती. सीताफळं नाय, लाकडं नाय, नुसती हिंडत व्हती." किंवा, "घळीतल्या वाकड्या चंदनाला भोक पाडलंय कुणी तरी, जाऊन बघ." चंदनचोर आधी गिरमिटानं खोडाला भोक पाडून आतला गाभा तयार झालाय का ते बघतात. भोक दिसलं की समजायचं, आठ-दहा दिवसांत ते परत येणार. मग मी रेंज ऑफिसला, म्हणजे वनखात्याच्या आमच्या कचेरीला, कळवायची, आम्ही चार-पाचजण त्या बाजूला दिवसा मुद्दाम वावर ठेवायचो, आणि चोर दुसरीकडं जायचे. पहिल्या तीन वर्षांत माझ्या बीटावरचं एकही चंदन गेलं नाही. तिथल्या रेंजर साहेबांनी माझं कौतुक केलं. मी ते घेतलं, पण त्यातलं अर्धं आत्याचं होतं हे मला ठाऊक होतं.

शेजारच्या बीटावर एक जुने रक्षक होते. वयानं माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, मीही म्हणायची. मला पंचनामा लिहायला त्यांनी शिकवलं. कुऱ्हाडीच्या घावावरून चोर डावखुरा की उजव्या हाताचा हे ओळखायलाही त्यांनीच शिकवलं. एकदा त्यांच्या बीटावर भर दुपारी तिघं चंदन पाडत होते. भाऊ एकटे होते. ते गेले, अडवलं, आणि त्या तिघांनी त्यांना कुऱ्हाडीच्या दांड्यांनी मारलं. डावं मनगट मोडलं आणि एका कानाचं ऐकू येणं गेलं.

मी त्यांना दवाखान्यात भेटायला गेले. वहिनी उशाशी बसून संत्रं सोलत होत्या. भाऊ म्हणाले, "माझ्याकडं काठी होती, त्यांच्याकडं कुऱ्हाडी. मी शिट्टी वाजवली. शिट्टी ऐकून कोण येणार होतं? मोर?"

मी हसले, मग माझ्या लक्षात आलं की ते हसत नव्हते.

"सरकार म्हणतं जंगल राखा," ते म्हणाले. "पोलिसाला बंदूक देतं. बँकेच्या दारातल्या वॉचमनला बंदूक असते. आणि आम्हाला शिट्टी."

मी संत्र्याच्या साली गोळा करून बाहेर टाकायला गेले.

त्यानंतर काही महिन्यांनी खात्यानं बंदुका दिल्या. सगळ्यांना नाही, चंदन असलेल्या बीटांना. बारा बोअरची एकनळी बंदूक आणि पाच काडतुसं. सकाळी रेंज ऑफिसातून सही करून घ्यायची, संध्याकाळी परत ठेवायची. त्याआधी दहा दिवसांचं प्रशिक्षण छावणीच्या बाजूच्या मैदानावर झालं. शिकवायला सैन्यातून निवृत्त झालेले एक हवालदार होते. पहिल्या दिवशी मला बघून ते जरा थबकले. मग म्हणाले, "बाई, बट खांदे को चिपका के रखना. ढीली पकडी तो गाल सुजेगा."

पहिल्या गोळीला माझा गाल सुजलाच. पण चौथ्या दिवशी मी डबा उडवला, आणि सहाव्या दिवशी ओळीनं पाच. हवालदारांनी बाकीच्या पुरुषांना बोलावून माझं निशाण दाखवलं. खोटं कशाला सांगू, मला तो सगळा प्रकार फार आवडला. श्वास रोखायचा, सगळं जग त्या एका टोकावर आणायचं, आणि दाबायचं. घरी मी सांगितलं तेव्हा सासूनं शेजारच्या चार घरांत जाऊन सांगितलं. दसऱ्याला ऑफिसात हत्यारांची पूजा होती, तेव्हा ती हट्टानं आली आणि माझ्या बंदुकीला तिनं स्वतःच्या हातानं हळदकुंकू वाहिलं.

बंदूक खांद्याला लावून मी बीटावर पहिल्यांदा गेले, त्या दिवशी गावातल्या चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. काल गार्डबाई म्हणणारे आज मॅडम म्हणत होते. सरपण तोडणाऱ्या बाया मला लांबून बघूनच मोळ्या टाकून पळायच्या. आधी मला त्यांच्या मागं लागून, ओल्या फांद्या तोडू नका म्हणून घसा बसेस्तोवर ओरडावं लागायचं. आता नुसतं दिसलं तरी पुरे होतं. मला वाटलं, किती सोपं झालं काम.

आत्या मात्र दिसेनाशी झाली. म्हणजे, मेंढरं दिसायची. समोरच्या टेकडीच्या उतारावर पांढरे-काळे ठिपके दिसायचे, आणि मी त्या बाजूला चालायला लागले की ते ठिपके टेकडीच्या पलीकडं जायचे. तलावाच्या काठावर मी एकटीच डबा खायला लागले. पहिले काही दिवस मला त्याचं काही वाटलं नाही. मग एका सकाळी घळीत मला चंदनाचा ताजा बुंधा दिसला. बाजूला भुसा. पंधरा दिवसांनी दुसरा. दोन महिन्यांत चार झाडं गेली. तीन वर्षांत एक नाही, आणि बंदूक आल्यावर चार.

मी बंदूक ऑफिसातून न घेता एका दुपारी वस्तीवर गेले. आत्या दारात लोकर विंचरत बसली होती. तिनं मला बघितलं, माझ्या खांद्याकडं बघितलं, आणि बसायला पोतं टाकलं.

"बरी हाय का, पोरी?"

"बरी आहे. तू मला टाळतेस कामून, आत्या?"

तिनं फणी लोकरीतून ओढली. मग म्हणाली, "बंदूकवाल्याशी बोलायचं नाय, असं आमच्या बापानं शिकवलंय."

मग तिनं सांगितलं. निजामाचं राज्य संपवणारी पोलिस ॲक्शन झाली तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची असेल. त्याच्या आधीचं वर्षभर बंदूकवाले यायचे. आज एका बाजूचे, उद्या दुसऱ्या बाजूचे. आले की मेंढरू मागायचे, ते द्यावंच लागायचं. पण मेंढरापेक्षा वाईट म्हणजे ते विचारायचे, काल इथं कोण आलं होतं, कुठं गेले, तुम्ही त्यांना काय सांगितलं. तिच्या बापानं एकदा साधं उत्तर दिलं, वाट दाखवली. चार दिवसांनी दुसरे आले आणि वाट का दाखवली म्हणून त्याला झाडाला बांधून मारलं. तो वाचला, पण त्यानं सगळ्या लेकरांना समोर बसवून सांगितलं, की ज्याच्या हातात बंदूक आहे त्याच्याशी बोलायचं नाही. तो चांगला असो, वाईट असो. विचारलं तर, आम्ही मेंढरामागं होतो, काही बघितलं नाही, एवढंच म्हणायचं.

"पण आत्या, ते दिवस गेले. मी तीच आहे की."

"तू तीच असशील," आत्या म्हणाली. "पण तुला कुणी सांगितलं ते चोराला कळलं, तर तू बंदूक घेऊन सांच्याला पडेगावला जाशील. म्या इथंच ऱ्हाणार. आदी तू काठीवाली व्हतीस, माह्यासारखी. माह्याशी बोललीस तर कुणाला काय वाटत नव्हतं. दोन बाया बोलत्यात, त्यात काय. आता बंदूकवालीशी बोलली म्हणून माह्याकडं बघत्यात समदे."

मला राग आला. मी तिच्यासाठी किती वेळा शेळ्यांकडं काणाडोळा केला होता, ते माझ्या ओठांवर आलं होतं. पण तोवर तिनं चहा पुढं केला. चहा पिऊन उठले. दुसऱ्या दिवशी पुन्हा सही केली आणि बंदूक घेऊन बीटावर गेले. भाऊंचं मोडलेलं मनगट मी बघितलं होतं. ती आठवण पुसून डोंगरात एकटी फिरण्याएवढं धैर्य माझ्यात नव्हतं.

सीताफळं पिकायला लागली होती, तेव्हाची गोष्ट. दुपारचे दोन वाजले असतील. मी घळीच्या वरच्या अंगानं उतरत होते आणि खालून करवतीचा आवाज आला. ओल्या लाकडावरची करवत वेगळी वाजते, दबकी. मी वाकून बघितलं. दोन माणसं होती. एक करवत ओढत होता, दुसरा कुऱ्हाड घेऊन उभा होता.

मी खाली उतरले आणि वीसेक पावलांवर थांबून ओरडले, "करवत खाली ठेवा! वनखातं!"

करवतवाला उठला आणि बाजूला झाला. कुऱ्हाडवाला जागेवरून हलला नाही. तरुण होता, डोक्याला रुमाल. त्यानं मला वरून खालपर्यंत बघितलं, बाई आहे हे त्याच्या डोळ्यांनी मोजलं, आणि कुऱ्हाड दोन्ही हातांत धरून एक पाऊल पुढं टाकलं.

मी काडतूस भरलं. हवालदारांनी शिकवलं होतं तशी बंदूक खांद्याला लावली. श्वास रोखला. नळीच्या टोकावर त्याची छाती आली. बोट घोड्यावर गेलं. त्यानं आणखी एक पाऊल टाकलं.

आणि त्याच्या मागं, उतारावरच्या सीताफळीच्या झुडपांत काही तरी पांढरं हललं.

मला वाटलं बगळा असेल. मग ते पांढरं वर उठलं, आणि मला कळलं की ते केस आहेत. हिरवं लुगडं हिरव्या झुडपात दिसलंच नव्हतं. आत्या उभी होती, ओच्यात सीताफळं, आणि सरळ माझ्याकडं, म्हणजे नळीकडं, बघत होती. बारा बोअरचे छर्रे पसरतात. तो माणूस आणि आत्या एका रेषेत होते.

मी नळी खाली केली.

कुऱ्हाडवाल्याला वाटलं मी घाबरले. तो हसला. तेवढ्यात आत्यानं तोंडात बोटं घालून शीळ घातली आणि तिची दोन्ही कुत्री झुडपं तुडवत खाली आली. धनगराची कुत्री लांडग्याला न भिणारी. एकानं करवतवाल्याची पोटरी धरली. आत्या वरून आईबापावरून शिव्या देत, काठी आपटत उतरत होती, आणि तिच्या आवाजानं पलीकडच्या उतारावरची सीताफळं तोडणारी आणखी दोन-तीन माणसं ओरडायला लागली. ते दोघं पळाले. करवत, कुऱ्हाड आणि एक चप्पल तिथंच राहिली.

मी एका दगडावर बसले. काडतूस काढायला गेले तर ते निघेना. आत्या माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या ओच्यातली सीताफळं फुटून लुगड्याला लागली होती.

"म्या तुहा डोळा बघितला," ती म्हणाली. "नळीच्या मागं व्हता. तू मला वळखलं नाय."

"दिसली नाहीस गं आत्या. हिरव्यात दिसली नाहीस."

"तेच म्हनते म्या."

मग तिनं कुत्र्याला जवळ घेऊन त्याच्या तोंडातली कापडाची चिंधी काढली आणि माझ्या हातात दिली. "घे. तुह्या पंचनाम्याला लागंल."

तो पंचनामा मी लिहिला, सगळा लिहिला. नळी कुणावर होती आणि खाली का केली, तेही लिहिलं. तसं लिहायची गरज नाही, असं ऑफिसातल्या कारकुनानं सुचवलं. बंदूक दाखवताच चोर पळाले, एवढं पुरेसं आहे, शाबासकी मिळेल, असं त्याचं म्हणणं. मी तसं केलं नाही. यात मोठेपणा काही नव्हता. मला दोन दिवस झोप नीट लागली नव्हती आणि ते कुणाला तरी सांगून टाकायचं होतं, एवढंच.

साहेबांनी ते वाचलं आणि आम्हा सगळ्या रक्षकांना एका सकाळी बोलावलं. साहेब शांत माणूस. त्यांनी सरळ विचारलं, "बंदुका बीटावर ठेवायच्या की काढायच्या? वर मला कळवायचंय. ज्यांनी वापरल्यात त्यांनी बोला."

मी उठले. म्हणाले, "साहेब, माझ्याकडून काढून घ्या. मी निशाणाला चांगली आहे, पण डोंगरात माझ्यासमोर डबा नसतो. माणूस असतो आणि त्याच्या मागं कोण आहे हे दिसत नाही. आणि दुसरं, मला जे माहीत व्हायचं ते लोकांकडून व्हायचं. आता लोक सांगत नाहीत."

भाऊ लगेच उठले. त्यांचं मनगट अजून नीट वळत नव्हतं. मी त्यांना पहिल्यांदाच माझ्याविरुद्ध बोलताना ऐकलं.

"हिचं खरं आहे," ते म्हणाले. "पण त्या दिवशी हिच्या हातात काठी असती, तर त्यानं थेट धावत येऊन हिला मारलं असतं. म्हातारी आणि कुत्री यायच्या आत. तो दुसऱ्या पावलापर्यंत थांबत थांबत आला, तो बंदुकीमुळंच. माझ्यासाठी कुणी थांबलं नव्हतं. लोक सांगत नाहीत म्हणून मी मार खायचा का? म्हातारी रोज झुडपात असते का?"

मी म्हणाले, "भाऊ, रोज नसते. त्या दिवशी होती."

"आणि मी?" भाऊ म्हणाले. "मी रोज असतो की तिथं."

ते माझ्यावर रागावले नव्हते. ते खरंच विचारत होते.

साहेबांनी चहा मागवला. चहा पिताना बाकीचे बोलायला लागले. एकजण म्हणाला, बंदूक घेऊन चढताना एक हात अडकतो, दोनदा पडलो. दुसरा म्हणाला, बंदूक असल्यामुळं घरच्यांना धीर वाटतो. तिसऱ्याचं म्हणणं होतं, की गोळी सुटली तर चौकशी आपल्या एकट्याच्या डोक्यावर, आणि चोर जामिनावर. तास-दीड तास असं चाललं. शेवटी साहेबांनी ठरवलं ते असं: एकट्या रक्षकानं बंदूक घेऊन फिरायचं नाही. रोज फिरताना काठी आणि एक वायरलेस संच. बंदुका रेंज ऑफिसात. पक्की खबर असेल तेव्हा पाचजणांचं पथक जाईल, त्यात दोघांकडं बंदुका, आणि बाकीचे आधी सगळ्या बाजूंनी बघून घेतील, की उतारावर कुणी गुराखी, कुणी लाकूडवाली आहे का. आणि शिट्टी ऐकून कुणी येत नाही ही भाऊंची तक्रार म्हणून, वायरलेसवर हाक आली की शेजारच्या बीटानं हातातलं काम टाकून धावायचं.

भाऊंना ते अर्धवट वाटलं, आणि मलाही. म्हणजे बहुतेक बरोबर असावं, असं साहेब हसून म्हणाले.

मी काठी घेऊन बीटावर परत गेले. आत्या दुसऱ्याच दिवशी तलावावर आली असं काही झालं नाही. तीन आठवडे गेले. मी रोज तिथं बसून डबा खायची आणि उरलेली अर्धी भाकरी कुत्र्यांना दिसेल अशी दगडावर ठेवायची. कुत्री आधी आली, ती नंतर. येऊन बसली आणि म्हणाली, "तुही सासू भाकरी जाड थापते." एवढंच.

थंडी पडायला लागली तेव्हा तिनं सांगितलं, की रुमालवाला परत आलाय. या वेळी चौघं आहेत. टेकडीपलीकडच्या पडक्या विहिरीजवळ त्यांनी लाकडं लपवलीत आणि बहुतेक उद्या उजाडताना न्यायला येतील. "म्या सांगितलं असं कुटं बोलू नको."

"नाही बोलत."

आम्ही पाचजण पहाटे गेलो. भाऊ आले, मुद्दाम बंदूक घेऊन. मी काठी घेऊन. उजाडल्यावर आधी मी आणि दुसरा एक रक्षक सगळा उतार फिरून आलो, मेंढरं नाहीत, माणूस नाही. मग पथक खाली उतरलं. चौघं विहिरीजवळ ओंडके पोत्यात भरत होते. भाऊंनी बंदूक वर केली आणि एकच वाक्य म्हणाले, "बसा खाली." चौघं बसले. रुमालवाल्यानं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. एकही गोळी सुटली नाही. कुणाला ओरखडा नाही.

परत येताना भाऊ मला म्हणाले, "बघितलंस? काठी दाखवून बसले असते का?"

मी म्हणाले, "नसते बसले. पण आपण तिथं पोचलो कसे, ते विचारा."

"कसे?"

"ते नाही सांगत मी."

भाऊ मोठ्यानं हसले. त्यांच्या दुखावलेल्या मनगटावर ती बंदूक जड झाली होती, म्हणून मग ऑफिसपर्यंत ती मीच उचलून आणली. रिकामी करून.

त्यानंतर अकरा वर्षं मी त्याच बीटावर होते. चंदनं काही गेली, बरीचशी राहिली. वायरलेसवर हाक आली आणि मी धावले, असं सहा-सात वेळा झालं असेल, आणि दोनदा मी हाक मारली तेव्हा भाऊ धावत आले. त्यांच्या वयाला ते धावणं झेपत नव्हतं, पण ते आले. आत्याच्या मेंढरांनी बंदी कुरणात शिरणं सोडलं नाही आणि मी शिट्टी वाजवणं सोडलं नाही. तिच्या नातीच्या लग्नात मी खाकीतच गेले, कारण बदलायला वेळ नव्हता, आणि तिनं मला तशीच पंगतीत आपल्याशेजारी बसवलं.

भाऊ निवृत्त झाल्यावर दौलताबादच्या रस्त्याला थोडी जमीन घेऊन राहिले. मीही आता निवृत्त आहे. महिन्यातून एकदा तरी आम्ही दोघं, कधी वहिनीही, त्यांच्या पेरूच्या बागेत बसतो. बोलणं फिरून फिरून तिथंच येतं. भाऊ म्हणतात, रक्षकाला एकट्यालाही बंदूक पाहिजे, नाहीतर सरकारनं त्याला जंगलात पाठवू नये. मी म्हणते, ज्या खात्याचं काम रोज गरिबाशी आहे, त्यानं हातात बंदूक घेऊन रोज त्याच्यासमोर जाऊ नये. वहिनी म्हणतात, पेरू खा.

मागच्या हिवाळ्यात माझ्या जुन्या बीटावर आलेली नवी रक्षक मुलगी आम्हाला भेटायला आली. चटपटीत, नीट बसणारी खाकी पँट घातलेली. तिनं विचारलं, "काका, मावशी, मी बंदुकीसाठी अर्ज करू का?"

"कर," भाऊ म्हणाले.

"नको," मी त्याच वेळी म्हणाले.

ती आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिली. मग वहिनींनी तिच्यासाठी पिशवीत पेरू भरले, आणि आम्ही दोघं तिला आपापलं म्हणणं सांगायला लागलो. ते ऐकता ऐकता तिची परतीची गाडी निघून गेली, म्हणून ती जेवूनच गेली.